हरलेलीनं जायचं

टप्प. आणि मागोमाग काहीतरी फरशीवरून सरकत जाऊन थांबल्याचा आवाज. आसावरी दचकली. शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला घरात जी शांतता उतरायची ती तिची स्वतःची होती. विनय सामान आणायला गेलेला असे, सानिका बैठकीत पोटावर झोपून चित्रं रंगवत असे, वॉशिंग मशीनही दमून गप्प झालेलं असे, आणि आसावरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहाचा कप धरून नुसती बसे. आठवड्यातली ही पाऊण तासाची चोरी. आज त्या चोरीत फ्रिजची मोटर थरथरून थांबली आणि दारावरची चुंबकाची पट्टी सुटून खाली आली. अमेरिकेतलं तिचं विद्यापीठ दर ऑगस्टला ही पट्टी पाठवायचं, माजी विद्यार्थ्यांना. मरून रंगाची, पत्त्याएवढी, वर एक रागीट रेडा आणि खाली बारा शनिवार, बारा नावं : यंदा अमेरिकन फुटबॉलची मॅच कुणाशी, कुठं. ऑगस्टमध्ये ती पाकिटातून काढून तिनं न वाचताच फ्रिजवर लावली होती. वाचायचं काय त्यात, शेवटची ओळ तर कधीच बदलत नाही. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे ते दुसरं विद्यापीठ, केशरीवालं, तिच्या मैत्रिणीचं, अश्लेषाचं. एकशे सात वर्षं त्या ओळीत तेच नाव. आसावरी वाकली, पट्टी उचलली, फुंकर मारून धूळ उडवली आणि सहज अंगठा शेवटच्या ओळीवरून फिरवला. तिथं भलतंच नाव होतं. दूर वाळवंटाकडच्या कुठल्याशा कॉलेजचं, तिनं कधी ऐकलंही नव्हतं असं. आजची तारीख आणि पुढं ते नाव, शेजारच्या अकरा नावांसारखंच साध्या टायपात, जणू कायम तिथंच बसत आलंय. आसावरीनं ते नाव पुन्हा वाचलं. आपल्या घराच्या दारावर दुसऱ्याची पाटी वाचावी तसं.

तसं तिला माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सगळं झालं तेव्हा तिनं एकेक बातमी वाचली होती, रात्रीची भांडी तशीच ठेवून. विनयला समजावताना ती म्हणाली होती, कॉन्फरन्स म्हणजे पंगत रे. दहा-बारा विद्यापीठं एका पंगतीला बसतात, वर्षभर एकमेकांशीच खेळतात, टीव्हीवाले मॅचचे जे पैसे वाढतील ते वाटून खातात. शंभर वर्षं ती पंगत बसली होती, पश्चिमेकडच्या विद्यापीठांची. मग पूर्वेकडच्या पंगतीत जास्त पक्वान्नं वाढली जातायत असं दिसल्यावर दोन मोठे उठले. त्यांच्यामागून आणखी दोन. मग चार. ज्या दिवशी अश्लेषाचं विद्यापीठ उठलं त्या दिवशी शुक्रवार होता, आणि संध्याकाळपर्यंत त्या लांबलचक पंगतीत पानांवर फक्त दोघंच उरली, त्यातलं एक आसावरीचं. गव्हाच्या टेकड्यांमधलं, शेतकीचं, गावापेक्षा स्टेडियम मोठं असलेलं. त्या राज्यात लोक त्याला गुरांची शाळा म्हणत. उठून जाताना अश्लेषाच्या विद्यापीठानं या धाकट्याला एवढं मात्र सांगितलं, की शेवटच्या शनिवारची मॅच आम्ही आणखी एक वर्ष खेळू, पुढचं पुढं बघू. विनयनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण यात विद्यार्थ्यांचा काय संबंध?" आसावरीला त्याचा फार राग आला होता.

पट्टी हातात धरून ती परत बसली. त्या पहिल्या शनिवारचा गारठा तिला आत्ता, वाखनिंगनच्या, या डच गावातल्या, गरम स्वयंपाकघरात, कानाच्या पाळ्यांना जाणवला. बारा वर्षं झाली. साताऱ्याहून जाऊन तीन महिने झालेले, गव्हावरच्या तांबेऱ्याचे नमुने मोजण्यापलीकडं तिला त्या गावात काही ठाऊक नव्हतं. लॅबमधले सगळे म्हणाले, शनिवारी सगळं गाव मॅचला जातं, आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस. मोठा दिवस म्हटल्यावर आसावरीनं काय करावं? तिनं बॅगेच्या तळाशी कागदात गुंडाळून ठेवलेला आईनं दिलेला रेशमी कुडता काढला. केशरी. अगदी झेंडूचा. त्यावर पातळ जाकीट घातलं, कपाळाला टिकली लावली, आणि आपल्या विद्यापीठाच्या पंचवीस हजार मरून माणसांत जाऊन उभी राहिली. आधी तिला वाटलं लोक कौतुकानं बघतायत. मग पाठीमागच्या रांगेतून हुर्यो उठली. एका मुलानं तिच्याकडं बोट दाखवून काहीतरी ओरडलं आणि सगळी गॅलरी हसली. त्यांना वाटलं होतं, ही समोरच्यांची पोरगी मुद्दाम चिडवायला आमच्यात घुसलीय. एवढं धाडस कुणी करत नाही म्हणून ते थोडे खूशही होते. कोणता रंग कुणाचा हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण न सांगता कळतं असं सगळ्यांना वाटत होतं. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं स्वतःचा मरून कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. मोठा, जड, गोठ्याचा वास येणारा. "पोरी, आजचा दिवस तरी हा रंग झाक," ती म्हणाली. आणि त्याच वेळी कठड्याच्या लगेच पलीकडून, पाहुण्यांच्या गॅलरीतून, त्या सगळ्या गदारोळातून, स्वच्छ ठाणेकरी मराठीत हाक आली : "अगं ए, कुडतेवाली, तू आमची ना? मग तिकडं काय करतेस, ये की इकडं."

ती अश्लेषा. केशरी टोपी, नाक लाल, हातात कसलीशी तळलेली कांडी. कुडत्याच्या रंगावरून तिला वाटलं होतं ही आपल्याच विद्यापीठाची, चुकून शत्रूच्या गोटात अडकलेली. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आसावरीला 'आमची' म्हटलं होतं, आणि तेही चुकून. आसावरीनं कोटाच्या बाह्यांत हात घातले. हाक मारणाऱ्या त्या मुलीकडं तिला धावत जावंसं वाटलं आणि त्याच क्षणी ती ज्यांच्यात उभी होती त्यांना सोडवेनाही. "नाही, मी इकडचीच," ती ओरडली. "मग मर," अश्लेषा म्हणाली, आणि कठड्यावरून वाकून तिनं आपल्या कांडीतला अर्धा तुकडा आसावरीला दिला.

त्या दिवशी आसावरीचं विद्यापीठ हरलं. ते बहुतेक वेळा हरायचंच. दुसऱ्या दिवशी अश्लेषानं फोन केला, "काय गुराखीण, हरलात. आता जेवायला घाल." आसावरी बसनं दोन तास जाऊन तिच्या खोलीवर पोचली, आणि तिथल्या विजेच्या शेगडीवर हरभऱ्याची डाळ शिजवून, गुळाऐवजी ब्राऊन शुगर घालून, बिअरच्या बाटलीनं तिनं पुरणपोळ्या लाटल्या. तीन फाटल्या, एक जमली. तेव्हापासून नियमच झाला. हरलेलीनं जायचं. शनिवारी मॅच, रविवारी हरलेलीनं पुरण घेऊन जिंकलेलीच्या घरी जायचं, तिच्या ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटायच्या, आणि जिंकलेलीनं खुर्चीत बसून नावं ठेवायची. दोघी शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या; आसावरी वाखनिंगनला आली, वर्षभरानं अश्लेषा द हेगला; अमेरिका दोघींच्या पाठीमागं गेली पण शेवटचा शनिवार गेला नाही. डाळ इथं सुरिनामी दुकानात मिळायची, गूळ भारतातून यायचा, जायफळ तर डच बाया फ्लॉवरवरसुद्धा किसतात. कोविडच्या वर्षी अश्लेषा हरली तेव्हा ती डबा घेऊन आली, पायरीवर ठेवला, आणि सहा फुटांवर फुटपाथवर उभं राहून आसावरी खाताना बघत राहिली. "मीठ कमी पडलंय ना? सांग, सांग. माझ्या तोंडावर सांग." आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जग बंद व्हायच्या आधी, सानिका दीड महिना लवकर आली तेव्हा आसावरीच्या आईचा व्हिसा अडकलेला होता आणि आलेली होती ती अश्लेषा. बारा दिवस रजा काढून. काचेच्या पेटीतल्या त्या मुठीएवढ्या जिवाकडं बघत ती म्हणाली होती, "ही आमच्याकडची. बघ, केशरी झालीय काविळीनं." आसावरीला टाके दुखेपर्यंत हसू आलं होतं. नंतर रडूही. अश्लेषानं दोन्ही वेळा तिच्या पोटावर उशी धरली होती.

आणि मग गेलं वर्ष. ते 'आणखी एक वर्ष'. त्या मॅचमध्ये गुरांची शाळा जिंकली. शेवटच्या मिनिटाला, तीन गुणांनी, सगळे चांगले खेळाडू मोठ्यांनी उचलून नेले असताना, उरलेल्या पोरांच्या जिवावर. आसावरी सोफ्यावर उभी राहून ओरडली. सकाळी उठून तिनं टेबलावर चादर घातली, सानिकाला मरून स्वेटर घातला, तूप कढवून ठेवलं. 'मावशी येणार' म्हणून सानिका अकरापासून खिडकीत. साडेबाराला फोन आला.

"आसा, अगं मला नाही जमत आज."

"बरं नाहीये का?"

"तसं नाही. पण ऐक ना, राग मानू नकोस. आता ती मॅच आमच्या पॉइंट्स टेबलात धरतच नाहीत. कॉन्फरन्सबाहेरची आहे. जिंकलो काय, हरलो काय, आम्हाला फरक नाही पडत."

"मला पडतो."

"हो ना. तुम्ही जिंकलात, छानच झालं. तुमच्यासाठी मोठी गोष्ट आहे ती."

एवढंच. त्यापेक्षा एक शब्द जास्त नाही. पण त्या 'तुमच्यासाठी'मध्ये आसावरीला काय काय ऐकू आलं. अश्लेषानं त्याच महिन्यात द हेगला घर घेतलं होतं, तिच्या हाताखाली वीस माणसं आली होती. आसावरीचं कंत्राट अजून दर दोन वर्षांनी नव्यानं लिहिलं जात होतं. याच्याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या. बोलायची गरजच पडली नव्हती, कारण वर्षातून एक दिवस दोघी एका मैदानात समोरासमोर उभ्या असायच्या, आणि समोर उभं राहायला उंची सारखी लागते. त्या फोननं अश्लेषा उठून गेली. भरल्या पंगतीतून. "ठीक आहे," म्हणून आसावरीनं फोन ठेवला. तूप थिजलं. सानिकाला काय सांगितलं ते तिला आता आठवत नव्हतं, काहीतरी सांगितलं असेल. त्यानंतर वाढदिवसाला केकची चित्रं, दिवाळीला पणतीची. वर्षभर दोघींच्या मध्ये नुसती चित्रं.

कुलूप वाजलं. विनय आत आला, पिशव्या ओट्यावर ठेवता ठेवता त्यानं तिच्या हातातली पट्टी बघितली. तो शहाणा माणूस होता. बायकोचा फुटबॉल त्याला कधी कळला नव्हता पण नोव्हेंबर कळायचा.

"पडली?" त्यानं विचारलं.

"हं."

"मी परत लावतो."

"नको." आसावरी उठली. वरच्या फडताळातला डाळीचा डबा काढून तिनं आत बघितलं. "विनय, उद्या मी द हेगला जातेय. सानिकाला घेऊन."

विनयनं दुधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवली, दार बंद केलं, परत उघडलं आणि उगाच आत बघत राहिला. "अश्लेषाकडं?"

"हं."

"तिनं बोलावलंय?"

"नाही."

"मग एक मेसेज टाक निदान. इथं लोक स्वतःच्या आईकडंसुद्धा वेळ ठरवून जातात."

"मेसेज टाकला तर ती उत्तर देईल."

विनय हसला. मग गंभीर झाला. "बघ बुवा. दोन विद्यापीठं टीव्हीपायी भांडली आणि पुरण माझ्या घरात शिजायचं बंद झालं. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही, पण मी दुःखी पक्ष आहे एवढं नोंदवून ठेव. माझं उद्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, नाहीतर मीच डबा धरून आलो असतो."

"तुझ्यासाठी चार ठेवीन."

"सहा," विनय म्हणाला.

डाळ धुताना तिच्या हातांना बरं वाटत होतं. हातांना आधी कळतं काय करायचंय ते, मग डोक्याला. डाळ शिजत असताना तिनं स्वतःला विचारून बघितलं की आपण का चाललोय, आणि पहिलं जे उत्तर आलं ते तिला आवडलं नाही : तिला लाजवायला. बघ, मी जिंकूनसुद्धा आले. हे इतकं खरं होतं की तिनं गॅस बारीक केला. मग दुसरं आलं, की एकटी पडलेय म्हणून. वाखनिंगनला मैत्रिणी होत्या की, शाळेच्या दारातल्या, मराठी मंडळातल्या, चांगल्या होत्या सगळ्या. पण त्यांच्यापैकी कुणी तिला कधी हरवलं नव्हतं. हे कुणाला समजावून सांगणार? तिला कधी गुराखीण म्हटलं नव्हतं कुणी. सगळ्यांशी ती नीट बोलायची आणि सगळे तिच्याशी नीट बोलायचे, आणि घरी आल्यावर गाल दुखायचे. गूळ पडला, पुरण पातळ झालं, मग घट्ट होत गेलं, फुटाफुटांनी उडायला लागलं. तिनं डाव मधोमध रोवून बघितला. कलला. आणखी पाच मिनिटं. परत रोवला. उभा राहिला. कारण काही का असेना, तिला वाटलं, पुरण तर झालं. आता जायचं. हे वाटणं इतकं साधं आणि टणक होतं की त्या रात्री ती वर्षभरात झोपली नव्हती तशी झोपली.

रविवारी सकाळी वारा होता. इथं वारा नसतो कधी म्हणा, पण हा ऱ्हाइनवरून आडवा येणारा, सायकल ढकलून देणारा. म्हणून बसनं एडे स्टेशनपर्यंत आणि तिथून रेल्वेगाडी. मांडीवर पुरणाचा डबा, पिशवीत ओल्या फडक्यात कणीक, शेजारी सानिका, तिच्या खिशात मसाल्याच्या बिस्किटांच्या बारक्या गोळ्या, ज्या डिसेंबर आला की इथल्या प्रत्येक पोराच्या खिशात असतात. सानिकाला मरून स्वेटर आता लहान झाला होता, बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या, तरी तिनं हट्टानं तोच घातला होता. कपाटासमोर आसावरीचाही हात घुटमळला होता. नियमाप्रमाणे हरलेली जिंकलेलीचा रंग घालून जाते. तिनं राखाडी स्वेटर घातला.

खिडकीबाहेर सपाट हिरवं, पाण्याचे सरळ चर, मेंढ्या. या देशात लपायला टेकडी नाही, असं अश्लेषा म्हणायची. आसावरी मनात वाक्यं जुळवायला लागली. 'मी इकडूनच चालले होते.' खोटं, द हेगवरून कुणी कुठं जात नाही, पुढं समुद्र. 'सानिकाला तुझी आठवण येत होती.' खरं, पण पोरीच्या पदराआड लपणं. 'तू गेल्या वर्षी आली नाहीस.' हे वाक्य तिच्या तोंडात दगडासारखं फिरत राहिलं. उट्रेख्तला गाडी बदलायची होती. फलाटावर उतरल्यावर समोरच परतीची गाडी उभी दिसली, दारं उघडी, आत दिवे, आत रिकाम्या गुबगुबीत खुर्च्या. आसावरी थांबली. तिला दिसलं : अश्लेषा दार उघडते, पाठीमागं तिची नवी माणसं बसलीयत, हसतायत, वाइनचे ग्लास, आणि ही दारात, डबा घेऊन, कामवाली बाई उशिरा आल्यासारखी. ते चित्र इतकं स्पष्ट होतं की त्यातल्या पडद्यांचा रंगसुद्धा दिसत होता. सकाळी परत गरम केलेल्या पुरणानं डब्याचं बूड अजून कोमट होतं, तळहाताला लागत होतं. गार्डनं शिट्टी दिली. परतीची गाडी दारं मिटून निघून गेली, आणि आसावरीनं सानिकाचा हात धरला आणि ती पाच नंबरच्या फलाटाकडं चालायला लागली, भराभर, की सानिकाला पळावं लागलं.

द हेगला ट्राम, मग विटांची एक गल्ली, दोन्हीकडं उंच बारक्या खिडक्या. दारावर 'अ. शिरगावकर' एवढंच. आसावरीनं बेल दाबली. पावलं आली. अश्लेषानं दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात घरातला ढगळ शर्ट होता, केस कसेतरी वर बांधलेले, चष्मा डोक्यावर. पाठीमागं कुणी नव्हतं. तिनं आसावरीकडं बघितलं, सानिकाकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? विनय बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत."

"आई?"

"आईपण. पुरण आणलंय."

"पुरण." अश्लेषानं तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा म्हटला. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं दाराच्या कडेला हात टेकला. "अगं, काल आपली मॅच नव्हती."

"माहितीये."

"मग?"

"आत घेणारेस का? पोरगी गारठलीय."

स्वयंपाकघर मोठं होतं, पांढरं, आणि त्यात फारसं कधी काही शिजलेलं नसावं असं ओट्यावरून दिसत होतं. लाटणं तिसऱ्या खणात, अजून लेबलासकट. आसावरीनं काही न बोलता बाह्या वर केल्या आणि कणीक काढली. अश्लेषा खुर्चीत बसली, मग उठली, मग तवा शोधून दिला, मग परत बसली. सानिका टेबलाखाली शिरून मावशीचे मोजे तपासत होती. पहिली पोळी कडेला फुटली.

"फुटली," अश्लेषा म्हणाली.

"तुझा तवा गार आहे."

"तवा तुझ्या हातानं तापवलास." आणि मग, तव्याकडं बघत, एकदम वेगळ्या आवाजात, "यंदा आम्ही कुठंकुठं जाऊन हरलो माहितीये? चार-चार तास विमानात बसून जातात पोरं. तिथं लाखभर माणसं असतात स्टेडियममध्ये. आणि कुणी आम्हाला शिव्यासुद्धा देत नाही गं. त्यांचे त्यांचे ठरलेले शत्रू आहेत, शंभर वर्षांचे. आम्ही म्हणजे आपलं, एक शनिवार." तिनं डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऑफिसातही तसंच आहे. सगळे फार चांगले वागतात. मी काही बोलले की 'इंटरेस्टिंग' म्हणतात. दोन वर्षांत माझ्याशी एक माणूस भांडलं नाही. कुणाला माझा राग येत नाही."

आसावरीनं दुसरी पोळी उलटली. तूप सोडलं. तिच्या तोंडातला तो दगड अजून होता, पण फिरायचा थांबला होता. "मला येतो," ती म्हणाली.

"अजून?"

"खूप. त्या दिवशी तूप कढवून ठेवलं होतं मी."

"माहितीये."

"काय माहितीये? तुला कसं माहीत असेल?"

"तू दरवेळी आधी कढवून ठेवतेस. मी फोन करताना मला वाससुद्धा येत होता." अश्लेषा हाताची नखं बघत होती. "मला वाटलं, आता आपण हे सोडलंच पाहिजे. ते सोडतायत तर आपणही मोठं व्हावं. आणि खरं सांगू, हरून तुझ्याकडं यायचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या वेळी तुम्ही कमी होतात, सगळे तुम्हाला टाकून गेलेले, आणि तरी हरवलंत. त्या दिवशी मला खरंच हरल्यासारखं झालं. म्हणून मग बोलले ते. मोठ्यांदा."

"तुमच्यासाठी मोठी गोष्ट आहे."

"आठवतंय तुला."

"शब्दन् शब्द."

"बरं झालं," अश्लेषा म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा फाटला, पहिल्या पोळीसारखा, कडेला. तिनं हात पुढं करून फुटलेली पोळी ताटातून उचलली, तुकडा मोडला, फुंकला, खाल्ला. चावत राहिली. "जायफळ जास्त झालंय."

"खा गुपचूप."

"खातेय ना. जिंकलेलीनं नावं ठेवायची असतात."

आसावरीचं लाटणं थांबलं. अश्लेषाही चावायची थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या उशिरा लक्षात आलं. तव्यावर तूप चुरचुरत होतं. टेबलाखालून सानिका बाहेर आली, गुडघ्यांना पीठ लागलेलं, स्वेटरच्या आखूड बाह्या खाली ओढत. एरवी ती मराठीतला प्रश्न डचमध्ये परतवायची, अर्धं वाक्य शाळेचं, अर्धं घरचं. आता तिनं मावशीकडं बघितलं, मग आईकडं, आणि अख्खं वाक्य, सावकाश, मराठीत विचारलं.

"आई, पण आपण तर जिंकलो होतो ना? मग आपणच का आलो?"